बर्फाला घोंगडी

"तात्या, घोंगडीत ऊब नसती."

मी हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलो होतो. आडव्या सुताचा धोटा उजव्या हातातून सुटला होता, तो ताण्याच्या उभ्या धाग्यांत मधोमध अडकून राहिला. दारात माझी लेक बनू उभी. खांद्याला पिशवी, पाय धुळीनं पांढरे. सकाळची शाळा नुकतीच सुटलेली.

"काय म्हणालीस?"

"बाई म्हणत्यात. घोंगडीत ऊब नसती."

"मग काय असतं?"

"ते न्हाय सांगितलं." बनूनं पिशवी खुंटीला लावली आणि मान खाली घालून चरख्यापाशी जाऊन बसली.

आमची बोरजाईवाडी माणदेशातली. पाऊस बेताचा, मेंढरं भरपूर. धनगरांनी मेंढरं राखायची, कातरायची आणि आम्ही सनगरांनी त्या लोकरीच्या घोंगड्या विणायच्या, हा पिढ्यांचा रिवाज. बिरोबाच्या पूजेला घोंगडी अंथरतात. लग्नात नवरानवरी घोंगडीवर बसतात. घोंगडीवर हात ठेवून माणूस बोलला की ते बोलणं फिरत नाही. आणि ही कालची आलेली मास्तरीण पोरांना सांगते, तिच्यात ऊब नसते.

मला राग आला. पण नुसता रागच नव्हता, हेही आज लिहून टाकतो. मला निमित्त हवं होतं.

त्या वर्षी बनू चौथीत होती. वाडीची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला माळ ओलांडून दीड कोस चालत जावं लागायचं. दिवाळीत माझी आई गेली होती. घरात सूत कातायची ती आणि माझी बायको राही. एका मागाला दोन बायांचं सूत लागतं. एकटीच्या सुतावर माग अर्धा दिवस रिकामा राहायचा. तेव्हा चौथी झाली की बनूनं आजीच्या जागी चरख्यावर बसायचं, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. बाई दोनदा घरी येऊन गेल्या होत्या. "तात्या, पोरगी हुशार आहे, पाचवीला घाला." दोन्ही वेळा मी चहा पाजला आणि उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बुधवार. माग सोडून मी शाळेत गेलो.

बाईंचं नाव मुमताज शिकलगार. सांगलीकडच्या. अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र सगळ्या वाडीला पुरेल असा. वडील गावोगाव फिरून सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे, हे त्या स्वतःच सांगायच्या, न लाजता. त्यांची शिकवायची तऱ्हा वेगळी होती. पोरांना घेऊन कुंभाराच्या भट्टीवर जायच्या. लोहार बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवून बसवायचा, तेव्हा सगळी शाळा तिथं उभी. लोहाराला विचारायच्या, "धाव गरमच का घालता?" तो जे सांगेल ते पोरांना पाटीवर लिहायला लावायच्या, मग पुस्तक उघडायच्या. गावातले लोक हसायचे. म्हणायचे, बाईला पुस्तक पुरत न्हाय.

मी दारात उभा राहिलो. "बाई, जरा भाईर या."

"आत या की तात्या. काय असेल ते पोरांसमोर बोलू."

"पोरांसमोर? बरं. आमच्या घोंगडीत ऊब नसती म्हणं."

बाईंनी बनूकडं पाहिलं. बनूनं पाटीत डोकं घातलं. ते मला दिसलं, पण त्याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला.

बाई म्हणाल्या, "वर्गात तसं बोलणं झालं खरं."

"तुमी कधी पांघरलीया का घोंगडी?"

"रोज पांघरते. तुमच्याच हातची आहे."

पोरं हसली. मी म्हणालो, "मग ऊब लागती का न्हाय?"

"लागते. ती येते कुठून, एवढंच आम्ही शोधत होतो. तुम्ही जन्मभर विणता, तुम्हीच सांगा. कुठून येते?"

"लोकरीतनं. मेंढीच्या अंगात ऊब असती, ती लोकरीत उतरती, लोकरीतनं घोंगडीत. माझा बा सांगायचा."

"म्हणजे घोंगडी चुलीसारखी. स्वतः गरम करते."

"करतीच."

"मग बर्फाच्या खड्याला घोंगडी गुंडाळली तर काय होईल?"

"व्हायचंय काय? घटकाभरात पाणी."

बाईंचे डोळे चमकले. त्या माझ्याशी भांडत नव्हत्या, हे मला तेव्हाच खटकलं. नवा खेळ सापडल्यावर पोराचं तोंड होतं तसं त्यांचं तोंड झालं होतं. म्हणाल्या, "बघायचं का?"

बर्फ काही लांबून आणायचा नव्हता. गणपा गारीगारवाला दर बुधवारी सायकल दामटत दिघंचीच्या बाजाराला जायचा आणि वाटेत शाळेपुढं घंटी वाजवायचा. त्याच्या लाकडी पेटीत बर्फाची लादी असायची. थोड्या वेळात तो आलाच. बाईंनी त्याच्याकडून सारखे दोन खडे फोडून घेतले, नारळाएवढे.

मी घराकडं पळालो. आमच्या घरात रीत होती, शब्द द्यायचा तो कोऱ्या घोंगडीवर. वापरलेली चालत नाही. अंगणात दोरीवर एक कोरी घोंगडी टाकलेली होती, त्या महिन्यातली सगळ्यांत चांगली. काळीभोर, काठाला पांढरी रेघ. चैत्राच्या उन्हानं हाताला चटका बसेल इतकी तापलेली. ओढली, खांद्यावर टाकली आणि परत शाळेत.

सगळ्यांपुढं घोंगडी पसरून मी तिच्यावर हात ठेवला. "ऐका. घोंगडीतला बर्फ आधी इरघळला, तर बनू चौथीनंतर घरी. मागनं इरघळला, तर बाई म्हणतील तितकी शिकंल."

"तात्या, थांबा!" बाईंचा आवाज एकदम चढला. "पोरीच्या शाळेची पैज लावू नका. मला हे मान्य नाही."

"तुमी नका मानू. मी बोललो ते बोललो."

गणपा म्हणाला, "बाई, आता सोडा. घोंगडीवर हात पडला."

एक खडा उघडा घमेल्यात ठेवला. दुसरा घोंगडीत गुंडाळून शेजारच्या घमेल्यात. दोन्ही ओसरीच्या सावलीत. बाई मनगटावरच्या घड्याळाकडं बघत बसल्या. गणपाला बाजार गाठायचा होता, पण तोही सायकल भिंतीला लावून उकिडवा बसला. पोरं घमेल्याभोवती अशी दाटली की बाईंना ओरडावं लागलं, "श्वास सोडू नका बर्फावर!"

अर्ध्या तासानं मी घोंगडी उलगडली.

आतला खडा लिंबाएवढा झाला होता. उघडा होता तो मोठा राहिला होता, नुसत्या कडा गोल झालेल्या.

एकच गलका उठला. "घोंगडी जितली! घोंगडी जितली!" गणपानं तर माझ्या पाठीवर थाप मारली. मी बाईंकडं बघितलं. त्यांचं तोंड उतरलं होतं. पण त्या उठल्या, आत गेल्या, खडू घेतला आणि फळ्यावर काहीतरी लिहिलं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. अक्षरं मला फार पुढं, पन्नाशी उलटल्यावर भेटली. पोरांनी मोठ्यानं वाचलं म्हणून कळलं. लिहिलं होतं, घोंगडीतला बर्फ लवकर वितळला.

एक पोरगं म्हणालं, "बाई, पण पुस्तकात तर..."

"पुस्तकात काय आहे ते नंतर बघू. आत्ता जे डोळ्यांनी दिसलं ते लिहायचं. दिसलं ते पुसायचं नाही."

पोरं लिहायला लागली. बनू तेवढी ओसरीवर थांबली होती. तिनं घोंगडीच्या घडीत हात घातला, क्षणभर तसाच ठेवला, मग काढून परकराला पुसला. माझ्याकडं न बघता आत जाऊन पाटी घेतली.

मी जिंकून घरी आलो. राही चुलीपाशी भाकरी थापत होती. घोंगडी मी तिच्यापुढं टाकली आणि सगळं रंगवून सांगितलं. ती ऐकत होती, ऐकता ऐकता तिचा हात घोंगडीवर गेला.

"अवं, ही काल दुपारी खळ दिल्याली न्हवं?"

"हां. मग?"

"आतनं ओली हाय की."

घोंगडी विणून झाली की तिला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली ती पातळ पेज कुंच्यानं चोळायची, म्हणजे घोंगडीला ताठपणा येतो. जाड लोकर, त्यात खळ; दोन दिवस ऊन खाल्ल्याशिवाय ती आतून वाळत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्यात रांगतं पोरही ते जाणतं. पण मी वरून हात लावला होता, वरून ती कडक तापलेली होती.

"बर्फाचं पाणी असंल," मी म्हणालो.

"पाण्याला चिकट लागतं व्हय?" राहीनं बोटं एकमेकांना लावून उघडली. "ही खळ हाय. तापल्याली आन् ओली. कढत फडकं गुंडाळल्यावर बर्फ ऱ्हाईल कसा? आन् दुसरं सांगू? मामंजी काय म्हणायचं? खळ वाळल्याबिगर तिला घोंगडी म्हणायची न्हाय, ती नुसती पट्टी. तुमी शब्द दिला तो पट्टीवर दिला."

"गप बस. कुणाला ठावं हाय?"

"तुमाला हाय. मला हाय." भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "आन् बनूला हाय. आल्या आल्या तिनं मला इचारलं, आये, खळ किती दिसांत वाळती."

"मग तिथं का न्हाय बोलली?"

"चारचौघांत बापाला खोटं पाडंल व्हय ती?"

मी जेवलो. पण घास काही नीट उतरला नाही. आणि खरं सांगतो, मला शरमेपेक्षा दुसरंच काहीतरी टोचत होतं. ओली घोंगडी होती म्हणून बर्फ वितळला. बरं. मग कोरडी असती तर? कोरड्या घोंगडीत बर्फ किती टिकला असता? मी तीस वर्षं घोंगड्या विणत होतो. बाराव्या वर्षी बापानं खड्ड्यात बसवलं तेव्हापासून. आणि एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नव्हतं.

गुरुवारी मागावर बसलोच नाही. घरात बर्फ कुठला? पण पाणी होतं. राहीकडून दोन तांबे कढत पाणी घेतलं. एक उघडा ठेवला, दुसरा माझ्या अंथरुणातल्या जुन्या कोरड्या घोंगडीत गुंडाळला. मध्येमध्ये जाऊन बोट घालून बघायला लागलो.

राही सूप घेऊन दारात बसली होती. म्हणाली, "तांब्याला थंडी वाजून ताप आला व्हय? औषध बी पाजा."

"तू तुजं काम कर."

"मी करतीया. तुमचा मागच रिकामा बसलाय."

उघडा तांबा कोमट झाला. घोंगडीतल्या तांब्यात बोट घातलं आणि चटकन बाहेर काढलं. मी खूश. ऊब देते की नाही घोंगडी? मग उलटं केलं. माठातलं गार पाणी दोन तांब्यांत भरलं. एक उघडा, एक घोंगडीत. दुपारच्या झळा घरात येत होत्या. उघड्या तांब्यातलं पाणी तासाभरात अंगाइतकं कोमट झालं. मग घोंगडी उलगडली. आता हे पाणी तरी तापलेलं असणार, अशी माझी खात्री. बोट घातलं.

गार. माठातून काढलं होतं तसंच.

मला वाटलं, माझं बोट बिघडलं. राहीला बोलावलं. तिनं बोट घातलं, मग तांबा उचलून सरळ तोंडाला लावला आणि घटाघटा प्याली. "गारच हाय की!"

"राहे, एकच घोंगडी. कढत हाय ते कढत ठेवती, गार हाय ते गार ठेवती. मग तिची सोताची ऊब गेली कुठं?"

तिनं तोंड पुसलं. "मला काय इचारताय? बाईला इचारा."

शुक्रवारी सकाळी शाळा भरायच्या आधी मी बाईंच्या खोलीवर गेलो. त्या केस विंचरत होत्या. मला बघून घाईनं बुचडा घातला. "या तात्या. काय झालं? बनू बरी आहे ना?"

"बाई, ते बर्फाचं परत करायचं."

"कशाला? तुम्ही जिंकलात की. मी त्याच्यावर दोन दिवस डोकं लावून बसलेय. उत्तर मिळत नाही."

"घोंगडी ओली हुती."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी सगळं सांगितलं. खळीचं, दोरीवरच्या उन्हाचं, तांब्यांचं, बोटाचं. पट्टीवर दिलेल्या शब्दाचंही सांगितलं. बाईंनी मध्येच वही ओढली आणि लिहून घ्यायला लागल्या. "चिंचोके किती वेळ भिजवता?... लोकर आणि खळ, वजनाला किती?... म्हणजे पाणी आतच राहतं... थांबा, थांबा, हळू सांगा." माझं बोलणं कुणी लिहून घेतंय, असं आयुष्यात पहिल्यांदा होत होतं.

लिहून झाल्यावर म्हणाल्या, "तात्या, मला पण एक सांगायचंय. बुधवारीच सांगायला हवं होतं. पण पोरगी पाटीत तोंड घालून बसली होती, माझ्यानं बोलवेना."

"काय?"

"घोंगडीत ऊब नसते, हे मी नाही म्हणाले. मी वर्गात नुसतं विचारलं, घोंगडीतली ऊब येते कुठून? कुणी म्हणालं मेंढीतून, कुणी म्हणालं खळीतून. एक जण तर म्हणाला, बिरोबा देतो. शेवटी बनू उठली. म्हणाली, बाई, घोंगडीत ऊब नसती. घरात घोंगड्यांची चळत असती, त्या चळतीत हात घातला तर गार लागतो. माणूस आत शिरला की मगच गरम होती. म्हंजी ऊब माणसाची असती, घोंगडी नुसती धरून ठेवती."

मी खाली बसलो. बसायला काही नव्हतं, उंबऱ्यावरच बसलो.

घोंगड्यांची ती चळत मी रोज बघत होतो. रोज तिच्यात हात घालत होतो. गार लागायचा, हे माझ्या हाताला ठाऊक होतं, डोक्याला नव्हतं. बापानं सांगितलं ते मी ऐकलं आणि हातानं सांगितलं ते कधी ऐकलंच नाही.

"मग घरी येऊन तुमचं नाव का सांगितलं तिनं?"

"तुम्हीच सांगा. तिनं स्वतःचं नाव सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

मी काय केलं असतं, ते मला माहीत होतं. बाईंनाही असावं. त्याच दिवशी मी तिला चरख्यावर बसवलं असतं.

घरी बनूला मी काहीच विचारलं नाही. मात्र पुढच्या मंगळवारी तिला म्हणालो, "बने, घरातली सगळ्यांत कोरडी घोंगडी कंची, बघून ठेव."

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग एकेका घोंगडीच्या घडीत हात घालत, गालाला लावत, चांगला तासभर लावून तिनं एक काढली.

बुधवारी गणपा आला तो हसतच. "तात्या, पाच गावांत सांगितलं मी. बोरजाईवाडीच्या घोंगडीनं बाईला हरवलं!"

"सांगितलंस ते आता परत जाऊन फिरवून ये. दोन खडे फोड."

सगळी पोरं ओसरीवर. मी उभा राहिलो. विणणाऱ्या माणसाला बोलायची सवय कुठली? "पोरांनो, मागल्या बुधवारी म्या आणली ती घोंगडी न्हवती. खळ न वाळल्याली पट्टी हुती. ओली आन् तापल्याली. शब्द दिला तो बी तिच्यावरच. माझी चूक. आज परत बघायचं. आन् आज ही घोंगडी हाय, वाळल्याली." मी हात ठेवला. "शब्द त्योच."

गणपा कुजबुजला, "तात्या, जितल्याला डाव कुणी मोडतं व्हय? पोरगी घरात ऱ्हायली असती."

"तुझ्या पेटीत बर्फाला गोणपाट का गुंडाळतोस रं?"

"न गुंडाळीन तर बाजारात पाणी इकावं लागंल."

"मग गोणपाटात थंडी असती का?"

"गोणपाटात कसली थंडी..." बोलता बोलता गणपा थांबला. त्यानं पेटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आयला," म्हणाला आणि परत उकिडवा बसला. त्या दिवशी त्याचा बाजार बुडाला.

खडे ठेवले. या वेळी बाई म्हणाल्या, पुरता दीड तास. तोवर काय करायचं? त्यांनी मला वर्गात नेलं आणि खुर्चीवर बसवलं. "आज तास तात्यांचा."

मी काय शिकवणार? पिशवीतली लोकर काढली. पोरांच्या हातात एकेक पुंजका दिला. दाबा म्हटलं. दाबली. सोडा म्हटलं. फुगली. "का फुगली?" मी विचारलं. हे विचारायचं मी काही ठरवून गेलो नव्हतो. एक पोरगी म्हणाली, "आत वारा शिरला." बाई पुढं सरकून बसल्या. मागच्या बाकावरून धनगराचं एक पोर उठलं. "सनगरतात्या, मग माझा आजा भर उन्हात डोक्यावर घोंगडी घेतो ती कशाला?"

"सवय," मी म्हणून गेलो. मलाही लहानपणी हेच सांगितलं होतं. पण म्हणता म्हणता जीभ अडली. "थांब. सवय न्हाय. ऊन भाईरच ऱ्हावं म्हणून. आतलं भाईर जाऊ देत न्हाय तशी ती भाईरचं आत येऊ देत न्हाय." मग मी बाईंकडं बघितलं, बरोबर का म्हणून. त्यांनी खांदे उडवले आणि ओसरीकडं बोट केलं. म्हणजे, तिकडं बर्फाला विचारा.

दीड तास झाला. उघड्या घमेल्यात पाणी होतं आणि त्यात सुपारीएवढा तुकडा तरंगत होता. मी घोंगडीपाशी बसलो. बर्फ टिकलेला असावा की वितळलेला, मला काय हवंय, तेच मला कळत नव्हतं. टिकला तर माझा माग अर्धा दिवस रिकामा. वितळला तर... वितळला तर मी जे दिवसभर तांब्यात बोटं घालून शोधलं ते सगळं खोटं.

"बने, तू उघड."

ती पुढं आली. एक घडी, दुसरी घडी, तिसरी. शेवटची उलगडली आणि तिनं दोन्ही हातांनी खडा उचलून वर धरला. गणपानं फोडताना दाभणाचा घाव घातला होता, त्याची खाच अजून त्यावर दिसत होती.

या वेळी गलका झाला नाही. पोरं पुढं सरकून बघत राहिली. बनूच्या कोपरावरून पाणी ठिबकत होतं, पण तिनं खडा खाली ठेवला नाही.

"बाई," मी म्हणालो, "हिचं नाव पाचवीला जातंय. दाखला कवा मिळंल?"

बाईंनी आधी फळ्याकडं जाऊन आज दिसलं ते लिहिलं, मागच्या बुधवारचं वाक्य होतं त्याच्याखाली. वरचं वाक्य पुसलं नाही. मग मला म्हणाल्या, "दाखला जूनच्या आधी देते. पण तात्या, सुताचं काय करणार?"

"बघू."

बघू म्हणणं सोपं होतं. जून आला, बनू माळावरच्या वाटेनं पाचवीला गेली, आणि माग दुपारी सूत मागायला लागला. राहीचे हात दोनच. आमच्यात चरखा बाईनं चालवायचा, माग पुरुषानं. सनगराचा पुरुष चरख्यावर बसलेला मी तरी पाहिला नव्हता. त्या दिवशी दुपारी मी आईचा चरखा उचलला आणि ओसरीवर आणला. घरात उजेड कमी होता.

पहिल्या घटकेत सूत चौदा वेळा तुटलं. राही आतून बघत होती, तोंडाला पदर लावून. शेवटी तिच्यानं राहवेना. माझ्या शेजारी बसली, माझी बोटं धरली. "अशी. चिमटीत हलकी. मेंढीचं कान धरल्यागत नगा धरू."

समोरून माझा चुलतभाऊ नामा चालला होता. थांबला. "सिदू! दिघंचीला चाललोय. बांगड्या आणू का?"

"आण. राहीच्या फुटल्यात. हिरव्या आण."

राही खळखळून हसली. नामा मान हलवत गेला. संध्याकाळपर्यंत साऱ्या वाडीत झालं असणार. झालंच.

दिवस कलताना बनू आली. दीड कोस जाणं, दीड कोस येणं, पाय धुळीनं गुडघ्यापर्यंत माखलेले. मला चरख्यावर बघून ती ओसरीच्या पायरीवरच थबकली. मग जवळ आली, माझ्या सुताचा धागा दोन बोटांत घेऊन ओढून पाहिला. कुठं दोरीएवढा जाड, कुठं केसाएवढा बारीक.

"तात्या, ही घोंगडी कुणी घ्यायची न्हाय."

"तुला देऊ पांघरायला. नवी शाळा कशी हाय?"

"मोठी हाय. शास्त्राचं येगळं गुरुजी हायत. आज त्यांनी लोखंडाचं सांगितलं. लोखंड उन्हात ठेवलं तर..." ती मध्येच थांबली. "तुमी दमला असाल. उद्या सांगते."

सूत परत तुटलं होतं. मी टोकाला टोक लावून पीळ दिला आणि तिला बसायला शेजारी जागा केली.

"उद्या कशाला? आत्ता सांग. लोखंड उन्हात ठेवलं तर काय?"